व्यायामभत्त्यातला घोडा

आमच्या कारखान्यात दरवर्षी प्रत्येकाला पाच हजार क्रोनर व्यायामभत्ता मिळत असे. 'असे' म्हणतोय, कारण आता मिळत नाही, आणि तो का मिळत नाही याबद्दल गावात जे बोललं जातं, त्यात माझं नाव पहिल्याच वाक्यात येतं. म्हणून म्हटलं, एकदा आपल्या तोंडानं सांगून टाकावं. ऐकणाऱ्यानं हसावं की नाही हे त्याचं त्यानं ठरवावं. मी हसत नाही.

भत्त्याची पद्धत सोपी होती. कुठंतरी जाऊन अंग हलवायचं, पावती आणायची, कारखाना पैसे परत देतो आणि त्यावर कर लागत नाही. आमच्याकडे 'कर लागत नाही' असं नुसतं कानावर पडलं तरी आजारी माणूस उठून बसतो. मी मात्र अकरा वर्षांत उठलो नव्हतो. कारखान्यात स्वयंपाकघरातल्या कपाटांची दारं तयार होतात. मी गोदामात ती दिवसभर मोजतो आणि संध्याकाळी घरी येऊन बसतो. व्यायामाशी माझं काही वाकडं नव्हतं, फक्त ओळख झालेली नव्हती.

सुरुवात केली ती शेजारच्या स्टेननं. हा स्टेन चाळीस वर्षं नगरपालिकेत हिशेबनीस होता. निवृत्त झाल्यापासून तो आमच्या गल्लीचे हिशेब बघतो. ऑगस्टमधल्या एका शनिवारी कुंपण कापता कापता त्यानं कात्री थांबवली.

"रोलांड, अकरा पाचे किती?"

"पंचावन्न."

"पंचावन्न हजार. एवढे पैसे तू त्या पॉन्टुसला फुकट सोडलेस. त्याच्या तळ्याकाठच्या घराला होडी लावायला नवा लाकडी धक्का बांधलाय ना? त्यावर तुझ्या नावाची फळी शोध एकदा."

पॉन्टुस म्हणजे आमचा मालक. आमच्याकडे मालकालाही अरे-तुरेच करतात, त्यामुळे तो आपल्यातलाच आहे असा गैरसमज फार लवकर होतो. मला तोपर्यंत त्याच्या धक्क्याबद्दल काहीच वाटत नव्हतं. त्या रात्री मात्र माझ्या डोळ्यांसमोर तो धक्का आला, आणि त्यावर पॉन्टुस पाय सोडून बसलेला.

म्हटलं, यंदा घ्यायचा.

पहिल्यांदा जिममध्ये गेलो. एका यंत्रात बसलो. बसायला जमलं, बाहेर निघायला दोन माणसं लागली, आणि त्यातला एक आमच्याच रंगखात्यातला निघाला.  सोमवारी कॉफीच्या सुट्टीत मी खुर्चीतून उठताना त्यानं मदतीला हात पुढे केला.

मग बायकोला विचारलं, दोघं मिळून नाच शिकायला जाऊ या का. अनेली वृद्धाश्रमात काम करते. ती म्हणाली, "दिवसभर मी म्हाताऱ्यांना धरून चालवते. संध्याकाळी आणखी एकाला धरून नाचवू?"

अशा वेळी माणसाला लहानपण आठवतं. माझे वडील जंगलात ओंडके ओढणाऱ्या घोड्यामागे वीस वर्षं चालले. मला त्या घोड्यावर बसायचं होतं. "हा कामाचा घोडा आहे," वडील म्हणायचे, आणि 'तू कामाचा नाहीस' हेही त्यात मला ऐकू यायचं. सत्तावन्नाव्या वर्षी एकदम वाटलं, घोड्यावर बसावं. गावाबाहेर घोडेस्वारीची शाळा आहे. पण घोडा भत्त्यात बसतो का?

बिरगिट्टाला विचारायला गेलो. ती आमची पगारपत्रकं बघते. तिच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि तोवर एकही चूक करायची नाही असं तिनं ठरवलं होतं. माणूस म्हणून ती वाईट नाही, पण तिच्यासमोर पावती ठेवताना हात धुऊन यावंसं वाटतं.

"घोडा?" तिनं चष्म्यावरून पाहिलं. "पूर्वी नव्हता चालत. महागडा खेळ म्हणायचे. आता चालतो."

"मग मी बसतो."

"शिकवणीचे पैसे मिळतील. वस्तू मिळणार नाहीत. टोपी, बूट, चाबूक काही नाही. आणि पाच हजारांच्या वर एक क्रोनर गेला तरी सगळी रक्कम पगार धरली जाते. वरचा क्रोनर नाही, सगळी. समजलं?"

समजलं, म्हणालो. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात महागडं 'समजलं' ते.

मोठ्यांचा वर्ग भरला होता. जागा होती ती मंगळवारी पाच वाजता, नऊ-दहा वर्षांच्या आठ मुलींच्या वर्गात. मी शिकवणाऱ्या बाईंना म्हटलं, थांबतो पुढच्या वर्षीपर्यंत. त्या म्हणाल्या, "घोड्याला तुझं वय कळत नाही." पण मुलींना कळत होतं. पहिल्या दिवशी त्या ओळीनं उभ्या राहिल्या आणि त्यांच्यातल्या एकीनं विचारलं, "तू कुणाचा आजोबा?"

"कुणाचाच नाही. मी शिकायला आलोय."

त्यांनी एकमेकींकडे पाहिलं, आणि त्या दिवसापासून मला शिकवायला माझ्याकडे नऊ शिक्षिका झाल्या. "टाच खाली, रोलांड!" "लगाम ओढू नकोस, त्याला दुखतं!" "रोलांड, तू उलट्या बाजूनं चढतोयस!" शाळेतलं सगळ्यात मोठं हेल्मेट मला लागलं, आणि सगळ्यात रुंद घोडा. त्याचं नाव कॉन्सुल. तो अठरा वर्षांचा होता आणि बढतीची आशा सोडलेल्या कारकुनासारखा चालायचा. रिंगणाभोवतीच्या बाकांवर मुलींचे आईबाप थर्मास घेऊन बसत. मी समोरून गेलो की ते गप्प होत. पुढे गेलो की पाठीमागून कॉफीचा ठसका ऐकू येई.

कारखान्यात बातमी पोचायला एक आठवडा लागला. मग काय, गोदामाच्या दारातून जो येईल तो खिंकाळून येऊ लागला. कुणीतरी माझ्या टेबलावर गाजर ठेवलं. पॉलिशखात्यातली मिर्या तेवढी हसली नाही. ही फिनलंडची, एकटी राहणारी, दिवसाला सात-आठ वाक्यं बोलणारी बाई. तिचा उजवा खांदा वर्षानुवर्षं दारं घासून कामातून गेला होता, म्हणून ती भत्त्यातून पोहण्याच्या हौदावर कोमट पाण्यातला व्यायाम करायला जाई. तिच्या सात-आठ वाक्यांपैकी दोन तिनं त्या दिवशी माझ्यावर खर्च केली.

"घोडा चांगला. बोलत नाही."

नोव्हेंबरात, आठव्या शिकवणीला, एक गोष्ट घडली. कॉन्सुल आपणहून दुडक्या चालीनं निघाला आणि मी त्याच्याबरोबर वर-खाली होऊ लागलो. पडलो नाही. ओढलं नाही, ओरडलो नाही. अर्धं रिंगण आम्ही दोघं असे गेलो. मुलींनी टाळ्या वाजवल्या. मी कधी कुणाला सांगितलं नाही, पण त्या अर्ध्या रिंगणात मला वडिलांना हाक मारावीशी वाटली.

मग मी खाली उतरलो आणि कॉन्सुल माझ्या पायावर उभा राहिला.

तो रागानं उभा राहिला असता तर मला चाललं असतं. तो नुसता उभा राहिला, जागा मोकळी दिसली म्हणून. डाव्या पायाचं बोट मोडलं. चार दिवस घरी बसलो, त्यातला पहिला दिवस नियमाप्रमाणे बिनपगारी. म्हणजे तब्येत सुधारायच्या भत्त्यापायी माझा एक दिवसाचा पगार गेला. स्टेन कुंपणावरून म्हणाला, "तरी अजून तू फायद्यातच आहेस." त्यानं कागदावर दाखवलंसुद्धा.

डिसेंबरात लंगडत पावती घेऊन बिरगिट्टाकडे गेलो. तिनं ती उजेडात धरली.

"यावर 'बालगट' लिहिलंय."

"तोच गट होता."

"रोलांड, भत्ता कर्मचाऱ्यासाठी आहे. त्याच्या नातीसाठी नाही."

"मला नात नाही!"

"मी तसं म्हणत नाही. पावती तसं म्हणते."

मोडलेलं बोट पुढे करून दाखवलं. ती म्हणाली, बोट हा पुरावा होत नाही, घोडा भत्त्याबाहेरही पायावर उभा राहू शकतो. शेवटी शाळेतून दाखला आणला. बाईंनी लिहून दिलं: 'रोलांड हेडमान, वय ५७, हे आठ शिकवण्यांना आले होते व घोड्यावर स्वतः बसले होते. बहुतेक वेळ.' हा दाखला बिरगिट्टानं फाइलला लावला. तो आजही तिथं आहे.

मग आकडे. शिकवणी चार हजार नऊशे, हेल्मेटचं भाडं तीनशे, शाळेची वर्गणी दोनशे. एकूण पाच हजार चारशे. बिरगिट्टानं चार हजार नऊशेवर खूण केली. "एवढे मिळतील." मी मान डोलावली. देवाशपथ सांगतो, मी मान डोलावली होती. पेन घेऊन सही करायला वाकलो आणि नेमका तेव्हा पॉन्टुस आत आला.

त्याला घोड्याची गोष्ट ऐकायची होती. नातीचं, बोटाचं, 'बहुतेक वेळ'चं त्यानं सगळं ऐकलं, डोळे पुसले, आणि माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "अकरा वर्षं या माणसानं एक पैसा मागितला नाही. दे गं त्याला पूर्ण. वरच्या चारशे क्रोनरनं काय होतंय?"

"होतं," बिरगिट्टा म्हणाली. "पाच हजारांच्या वर जातं. आणि सगळ्यांना सारखं द्यावं लागतं."

"अगं, नाताळ आहे!"

"मग लिहून दे."

त्यानं तिच्या टेबलावरचा चिटोरा ओढला आणि लिहिलं: 'घोडा – पूर्ण रक्कम. पॉ.' बिरगिट्टानं चिटोऱ्यावर तारीख घातली आणि तोही फाइलला लावला. मी तिथंच 'नको' म्हणायला हवं होतं. पण मालकाचा हात खांद्यावर असताना माणसाला आपण कोणीतरी आहोत असं वाटत असतं, आणि तो हात काढून घ्यावा असं तोंडातून निघत नाही. शिवाय मला त्या धक्क्यातली एक फळी परत मिळत होती.

मार्चमध्ये कर कार्यालयाचं पत्र आलं. विशेष काही नाही, नेहमीची तपासणी, म्हणाले. एक बाई आल्या. इल्वा नाव, पाठीवर पिशवी, पायात बर्फाचे बूट, बोलणं इतकं मऊ की दोनदा विचारावं लागे. बिरगिट्टानं खास वेलदोड्याचे बन आणले होते. इल्वानं कॉफी घेतली, बन घेतला नाही. तपासणीला आल्यावर खात नाही, म्हणाली. त्या बनाकडे पाहूनच बिरगिट्टाच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला, असं नंतर मला कळलं.

दुपारी फाइल उघडली गेली. इल्वानं चिटोरा वर काढला.

"हे 'घोडा' म्हणजे काय?"

"रोलांड," बिरगिट्टा म्हणाली.

मला बोलावलं. पॉन्टुस खिडकीशी उभा राहून गाड्यांच्या तळाकडे बघत होता, जणू तिथं काहीतरी फार महत्त्वाचं चाललंय. इल्वानं मला खुर्ची दिली. मी लंगडत बसलो. आता इथं नीट ऐका, कारण माझ्यावरचा सगळा राग याच दोन मिनिटांचा आहे.

"हे वरचे चारशे तुला का मिळाले?" तिनं हळूच विचारलं.

"मी अकरा वर्षं काही घेतलं नव्हतं. पॉन्टुस म्हणाला, याला पूर्ण देऊन टाक."

"असं आणखी कुणाला म्हणाला?"

"नाही, फक्त मलाच," मी म्हणालो. आणि खोटं कशाला बोलू, जरा ताठ बसून म्हणालो.

इल्वानं लिहून घेतलं. बिरगिट्टानं डोळे मिटले. पॉन्टुस तळाकडेच बघत राहिला. सहीसाठी माझ्यापुढे कागद आला तेव्हा मी त्यावर छान, वाचता येईल अशी सही केली.

निकाल मे महिन्यात आला. माझी रक्कम मर्यादेच्या वर गेली म्हणून सगळीच्या सगळी पगार ठरली. एवढ्यावर थांबलं असतं तर मी एकटा मेलो असतो. पण भत्ता करमुक्त राहायचा तर तो सर्वांना सारख्या अटींवर द्यायचा असतो. इथं एका माणसाला वेगळी अट होती हे त्या माणसानंच सांगितलं होतं. सबब त्या वर्षी कुणालाच सवलत नाही. एकतीस माणसांचा भत्ता पगार झाला. प्रत्येकाला कुठं चौदाशे, कुठं सोळाशे क्रोनर जास्तीचा कर. रंगखात्यातला तो जिमवाला, स्कीइंगवाले दोघं भाऊ, योगवाल्या तिघी, सगळे.

स्टेननं मला घरात बोलावलं, दार लावून घेतलं आणि म्हणाला, "तुला फक्त 'आठवत नाही' म्हणायचं होतं. तीन शब्दही नाहीत रे."

"पण आठवत होतं."

"त्याचा काय संबंध?"

तरी त्यानं माझ्यासाठी दाद मागणारा अर्ज लिहिला, तीन पानी. त्यात एक मुद्दा असा होता की, अर्जदाराच्या पायाचं बोट मोडलं, एक दिवस बिनपगारी गेला, सबब अर्जदाराला 'लाभ' झाला असं म्हणता येत नाही. हा मुद्दा लिहून झाल्यावर स्टेननं खुशीत स्वतःला बिअर ओतून घेतली. उत्तर एका परिच्छेदाचं आलं. लाभ घेताना दुखापत झाली तरी तो लाभच असतो, असा त्याचा सारांश होता. खाली आमच्या तब्येतीला शुभेच्छा होत्या.

जेवणाच्या खोलीत सगळ्यांची सभा झाली. पॉन्टुस टेबलाच्या कडेला टेकून उभा होता, बाह्या वर करून, अगदी आपल्यातला. "जे झालं ते वाईट झालं," तो म्हणाला. "मी भल्या मनानं हो म्हटलं. रोलांडनं नियम वाचले असतील असं मी धरून चाललो होतो."

बिरगिट्टा उभी राहिली.  "नियम मी तुला सांगितले होते, पॉन्टुस. चिठ्ठी तुझ्या हातची आहे."

"आहे ना. मी कुठं नाही म्हणतोय? पण आपण मागणी कुणाची होती हेही बघू या."

मी मागितलं नव्हतं. हे सांगायला मी तोंड उघडलं, आणि खोलीभर पाहिलं. साठएक डोळे. कुणालाही ते ऐकायचं नव्हतं. पॉन्टुसवर रागावून काय करणार, त्याच्याकडे सोमवारी कामाला यायचं होतं. माझ्यावर रागावणं सगळ्यांना परवडत होतं. मी तोंड मिटलं. बिरगिट्टाही खाली बसली.

"तर भत्ता बंद," पॉन्टुस म्हणाला. "असल्या भानगडीत कारखान्याला पडायचं नाही. त्याऐवजी दर सोमवारी फळांची टोपली येईल. फळांवर कर नाही, मी विचारून घेतलंय."

लोकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण काही जणांनी केळी कुठली असतील ते विचारलं.

घोडेस्वारीच्या शाळेत मी पुन्हा गेलो नाही. कुणी जाऊ नको म्हटलं नव्हतं. पण पदरच्या पैशानं घोड्यावर बसलो असतो तरी गावानं म्हटलं असतं, बघा, अजून बसतोय. एकदा दुकानात त्या मुलींपैकी एक भेटली. "तू येत नाहीस आता?" तिनं विचारलं. मी पाय दाखवला. पाय बरा झाला होता.

कॉफीच्या सुट्टीत आता मी गोदामातच बसतो. खिंकाळणं बंद झालं आहे. सांगतो ते विचित्र वाटेल, पण ते चालू असताना बरं होतं.

ऑगस्टच्या शेवटी एका संध्याकाळी मी कारखान्याच्या गाड्यांच्या तळावर मिर्यासाठी थांबलो. हौदावरचे व्यायामाचे वर्ग त्या आठवड्यात सुरू झाले होते आणि यादीत तिचं नाव नव्हतं. अनेलीची मैत्रीण तिथं तिकिटं देते, तिनं सांगितलं होतं. मी काय बोलायचं ते आरशासमोर दोनदा बोलून पाहिलं होतं. बिरगिट्टालाही चोरून विचारलं होतं, माणसानं माणसाला खिशातून दिलं तर कर लागतो का. नाही लागत, ती म्हणाली होती.

मिर्या आली. मी म्हणालो, "या वर्षीचे तुझे पाण्याचे पैसे मी भरतो. कारखान्याचा काही संबंध नाही. माझे."

तिनं माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता तिच्या चेहऱ्यावर. असता तर मला पुढं काहीतरी बोलता आलं असतं.

"मलाच का?" तिनं विचारलं.

"तुझा खांदा..."

"लेनाची पाठ आहे. जोहानचे गुडघे आहेत."

"सगळ्यांचे कसे भरू मी, मिर्या?"

"नको भरूस," ती म्हणाली. "आणि माझे भरलेस हे कुणाला सांगू नको, असं तू मला सांगणार. मग मी रोज टेबलावर गप्प बसायचं. मी आधीच पुष्कळ गप्प बसते."

तिनं पिशवी खाली ठेवली, डाव्या हातानं गाडीचं दार उघडलं, पिशवी डाव्याच हातानं आत ठेवली. सीटचा पट्टा लावायला तिला तीन वेळा वाकून बघावं लागलं. मी मदतीला पुढे झालो तर तिनं काचेतून नुसती मान हलवली, आणि पट्टा लागेपर्यंत मी तिथंच, दोन पावलांवर, उभा राहिलो.